बिनविरोध

सुपारी फोडायला मुलगा हजर लागत नाही, ही आमच्या खाडीकडच्या लोकांची जुनी सोय. बापाने शब्द द्यायचा, गावकीच्या म्होरक्याने सुपारी फोडायची, आणि आपलं लग्न ठरल्याचं मुलाला घरी आल्यावर कळायचं. जगनचं स्वतःचं असंच ठरलं होतं. तो मिठागरावरून येऊन पाय धूत होता तेव्हा आईने सांगितलं, आणि त्याने पाय धुणं पुरं केलं. त्यामुळे गेल्या रविवारी खांब गावी जाऊन धाकट्याची, निलेशची, सुपारी फोडून घेताना आपण काही विपरीत करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. उलट परतीच्या एसटीत त्याला इतकी गाढ झोप लागली की पेणला कंडक्टरने दंडाला धरून उठवलं.

झोप लागायला कारण होतं. निलेश पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्यांवर कामाला होता, आणि अंबरीश नावाच्या आखणीवाल्याबरोबर, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या कारागिराबरोबर, एका खोलीत राहत होता. शनिवार-रविवार तेवढा गावी, आंबेखारला, यायचा. ते दोघे नुसते भाडं वाचवायला एकत्र राहत नाहीत, हे जगनने एकदा न सांगता पेणला गेला असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो दारातूनच मागे फिरला आणि कुणाजवळ बोलला नाही. गाव मात्र बोलत होतं, हळू आवाजात.

तेवढ्यात सरपंचाने मध्येच राजीनामा दिला आणि सात मेंबरांतून नवा निवडायची वेळ आली. निलेश त्यातला एक, तरुणांच्या पॅनेलचा. त्याची आई इंदुबाई हीसुद्धा एक, पण गावचे जुने पुढारी आणि मेंबर हैबतराव यांच्या पॅनेलची. बायकांची राखीव जागा आली तेव्हा हैबतरावांना सभेत झोपणार नाही आणि बोलणारही नाही अशी बाई हवी होती, आणि जगन त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तेव्हापासून इंदुबाई हैबतरावांच्या हाताकडे बघून आपला हात वर करत आली होती.

"जगन," हैबतराव म्हणाले होते, "पोराचा साखरपुडा उरकून घे. मी माझा मानूस उभाच करत नाय. बिनविरोध सरपंच होईल तुझा पोर. न लोकांची तोंडं आपोआप बंद."

हैबतराव वाईट माणूस नव्हते. आपण मित्राचं घर वाचवतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. असल्या चांगुलपणाशी भांडणं फार अवघड असतं.

आणि निलेशला सरपंच व्हायचं होतं, अगदी जिवापाड. आंबेखारच्या तिन्ही अंगांना खारं पाणी. वैशाखात बायका गोड्या पाण्यासाठी दुसऱ्या गावाच्या विहिरीवर जाऊन तिथल्या बायकांचं बोलणं खात. नळाची योजना त्याने तालुक्याला खेटे घालून मंजुरीपर्यंत आणली होती. सरपंच आपला नसला तर ती पुन्हा फडताळात जाणार हे त्याला माहीत होतं.

सोमवारी निवडणूक. रविवारी मुलीचा बाप, गोविंदा, घर बघायला आणि जेवायला येणार. फुटलेली सुपारी माफी मागून, मान खाली घालून परत घेता येते. पण मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी पहिला घास खाल्ला, की मग नाही. मग ते सोयरे झाले.

*

थोरली सून नमिता सकाळीच नवऱ्याबरोबर रोह्याहून आली होती. प्रविणची धाटावला कंपनीत शिफ्ट असायची, आज त्याने सुट्टी टाकली होती. स्थळ नमितानेच आणलं होतं. मुलगी, किमया, तिची सख्खी चुलत बहीण, तिच्या हाताखाली वाढलेली. तळ्यातलं जिताडं काढून ठेवलं होतं. हा मासा आमच्याकडे जावयाला, व्याह्याला, नाहीतर ज्याच्याकडे मोठं काम अडलंय त्याला वाढतात. नमिता तुकड्यांना हळद-मीठ लावत होती आणि सासू तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"किमया काय इचारत होती ठावं हाय, आई?" नमिता म्हणाली. "म्हनते, रागीट हाय का गो तो? एवढंच. बाकी काय नाय इचारलंन."

"मग तू काय सांगलंस?"

"सांगलं, आवाज चढवलेला मी कवा ऐकला नाय. खरं हाय का नाय?"

इंदुबाईने भाकरी उलटली. "खरं हाय," ती म्हणाली. नमिताला वाटलं, धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलंय.

निलेश आला तो उद्याच्या सभेच्या घाईत. मागच्या दारी तळ्याकाठी जगन आणि प्रविण बसले होते, तिथे तो गेला. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला होती. पुढचं सगळं दोघी बायकांनी शब्दन् शब्द ऐकलं.

"सुपारी फोडली?" निलेश म्हणाला. "माझी? मना न इचारता?"

"मना कोनी इचारलं होतं?" जगन म्हणाला. "आता गोविंदा न हैबतराव येतील. जेवतील. उद्या तू सरपंच. गावाला पानी आन, काय पायजे ते कर. मी तुला कवा काय बोललो? आताबी बोलत नाय. पेनला तुझं जे काय हाय ते तुझ्यापाशी ठेव. घरात बाई असली म्हंजे झालं."

"म्हंजे तुमाला ठावं हाय."

जगन तळ्याकडे बघत राहिला.

"बाबा, तुमाला ठावं हाय न तरी तुमी एका पोरीला घरात आनता?"

प्रविण मध्ये पडला. "निल्या, ऐक माझं. कंपनीत माझ्याबरोबर असला एक हाय. लगीन झालंय, दोन पोरं हायत. चाललंय त्याचं. नोकरी, घर, सगळं. दोन वर्सांपूर्वी तू मना सांगलंस तवा मी तुला काय बोललो? कोनाला सांगू नको, एवढंच बोललो ना? मी काय तुला तोडलं नाय."

"नाय तोडलंस, दादा. मी इसरलो नाय."

आत नमिताचे हात जिताड्याच्या तुकड्यांवर तसेच राहिले. तिने हळदीच्या हातानेच मागचं दार उघडलं.

"दोन वर्सांपूर्वी?" ती प्रविणला म्हणाली.

प्रविणने मान फिरवली.

"रोह्याहून इथवर तुमच्या पाठी गाडीवर बसून आले मी. सगळी वाट किमयाचंच बोलत होते. काय लुगडं घ्यायचं, कनच्या हॉलात लगीन करायचं. तुमी हूं हूं करत होतात."

"घरातली गोष्ट होती, नमिता."

"न मी कोन? शेजारीन?" तिचा आवाज मोठा नव्हता. तिने वळून सासूकडे पाहिलं. "आई, तुमाला पन ठावं होतं?"

इंदुबाईला खोटं बोलता आलं असतं. तिने पदराला हात पुसले. "आईला ठावं नसतं काय गो? मना वाटलं, बाई आली का सुधारल."

"न नाय सुधारला त? ती बाई किमया हाय, आई. मी तिला नाचायला शिकवलंय, केस इंचरायला शिकवलंय. ती हितं येऊन जल्मभर वाट बघत बसंल, न समजंल का आपल्यातच काय खोट हाय."

निलेश तिच्याकडे बघत होता. या वहिनीशी त्याचं आजवर चहा-पाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. तिला त्याच्याविषयी माया वाटत होती असंही नाही; या क्षणी तर तिला त्याचाही संतापच आला होता. पण त्या परसात तो आणि ती दोघंच एका बाजूला उभी होती, आणि ते दोघांनाही कळलं.

*

गोविंदा स्वच्छ टोपी घालून आला होता. खांबहून निघताना त्याने घरचे आंबे पिशवीत घातले होते, ते त्याने स्वतः इंदुबाईच्या हातात दिले. हैबतरावांनी त्याला घर दाखवलं, तळं दाखवलं, निलेशची नळाची योजना जणू आपणच केली अशा थाटात समजावून सांगितली. गोविंदा हसून मान हलवत होता. मग पाट मांडले गेले आणि सगळे बसले. पाण्याचे तांबे आले.

ताटं येईनात.

जगनने दोनदा आत पाहिलं. शेवटी नमिता बाहेर आली ती रिकाम्या हातांनी.

"काका," ती म्हणाली, "जेवू नका. उठा."

"सूनबाय, आत जा," हैबतराव म्हणाले.

ती हलली नाही. "भावोजी, मी बोलू का तुमी बोलता?"

निलेशच्या मनात त्या वेळी काय काय आलं ते त्याने पुढे कधीतरी अंबरीशला सांगितलं. आलं ते असं, की गप्प बसलो तर वहिनी एकटी पडेल, लोक तिलाच वेडी ठरवतील, आणि उद्या या वेळेला मी सरपंच असेन. गप्प बसणं किती सोपं होतं हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्याची त्याला भीती वाटली. तो पाटावरून उठून उभा राहिला.

"गोविंदाकाका, मी तुमच्या मुलीशी लगीन करू शकत नाय."

"काय झालं?" गोविंदा गोंधळून म्हणाला. "पोरीत काय खोट दिसली?"

"तिच्यात काय खोट नाय. मना बाईची ओढ नाय. लहानपनापासून नाय. पेनला मी अंबरीशसंगती ऱ्हातो. लोक संसार म्हनतात तसाच ऱ्हातो. हे सगळ्यांना ठावं हाय, फकस्त तुमाला न किमयाला ठावं नव्हतं. मना जर घरात नीट इचारलं असतं त ही सुपारी फुटलीच नसती."

जगनने मान खाली घातली. प्रविण उठून ओट्यावर गेला. हैबतरावांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज खाली होता, आणि तो खालचा आवाजच भीती घालणारा होता.

"पोरा, हे तू चार भिंतीत बोललास. अजून बाहेर गेलं नाय. बस खाली. जेवू दे मानसांना."

"बाहेर जाऊ दे."

"हे कायद्यात अजून गुन्हा हाय, ठावं हाय ना? न उद्याचं काय? सरपंच व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय. अर्ज उद्या भरीन. हे सांगून भरीन."

"असं सांगून कोन निवडून आलाय कवा? रायगडात सोड, कुठं आलाय?"

"मना नाय ठावं," निलेश म्हणाला. "आला असंल कोन कुठं. मना तरी कोन ठावं नाय."

गोविंदा उठला. त्याने तांब्यातलं पाणीही प्यायलं नव्हतं. नमिताच्या डोक्यावर हात ठेवून तो बाहेर पडला. हैबतराव त्याच्यामागे गेले नाहीत. ते वळून इंदुबाईला म्हणाले, "वैनी, उद्या सभेला वेळेवर या," आणि दुसऱ्या दाराने गेले.

*

जगन मात्र धावत गेला. बांधावरून एसटीच्या थांब्यापर्यंत तो गोविंदाच्या मागून चालत राहिला. बरोबरीने चालायची त्याला छाती होईना. थांब्याजवळ आल्यावर त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून गोविंदाच्या पायांशी ठेवला. दिलेला शब्द परत मागायची ती रीत. जगनने आयुष्यात दुसऱ्यांना तसं करताना पाहिलं होतं आणि त्यांना हसला होता.

"पोरानं माझं नाक कापलं, गोविंदा. माफी कर."

गोविंदाने टॉवेल उचलला, झटकला आणि घडी घालून परत त्याच्या हातात दिला.

"तुझ्या पोरानं मना फसवलं नाय, जगन," तो म्हणाला. "त्यानं मना उठवलं. फसवलंस तू. तुला ठावं होतं न तू माझ्या दारात बसून, माझी चाय पिऊन सुपारी फोडून घेतलीस."

गाडी येईपर्यंत दोघं शेजारी उभे राहिले. थांबा एकच असल्यावर दुसरं काय करणार? गाडी आली, गोविंदा चढला, खिडकीत बसला आणि त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. जगन घरी आला तेव्हा जिताडं तसंच पातेल्यात होतं. कुणी जेवलं नव्हतं. नमिता आणि प्रविण रोह्याला निघून गेले होते, एकाच गाडीवर, पण ती पाठीमागे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती असं शेजारच्या बाईने सांगितलं.

*

सोमवारी सकाळी पेणच्या खोलीत अंबरीश निलेशच्या शर्टाला इस्त्री करत होता. त्याच्या नखांत काळा रंग होता, तो कॉलरला लागू नये म्हणून बोटं उचलून धरत होता. अंबरीश पेणच्याच मास्तरांच्या घरातला. त्या घराने त्याचं नाव घेणं कधीच सोडलं होतं.

"अर्ज भरू नकोस," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे हे कधी मागितलं नव्हतं. कारखान्यात काल संध्याकाळपासूनच कुजबुज सुरू झालीय. मालकांनी उद्या कामावर नको म्हटलं तर दोघं कुठे जाणार आहोत?"

"ठावं नाय. तू घाबरलास?"

"हो. खूप."

"मी पन," निलेश म्हणाला. "पन काल बोलून झाल्यावर मी तळ्यावर तोंड धुतलं न मना भूक लागली. कितीतरी दिवसांनी. तू ये म्हनत नाय मी. पन मी जातो."

अंबरीशने शर्ट त्याच्या अंगात चढवला आणि बटणं स्वतः लावली, सगळ्यात वरचंसुद्धा.

*

पंचायतीच्या खोलीत तहसीलमधून आलेले माधवराव टेबलामागे बसले होते. बाहेर अख्खं गाव. जगन आत आला नाही. पायरीपासून लांब, चिंचेखाली पाठ करून बसला.

हैबतरावांनी कबूल केल्याप्रमाणे माणूस उभा करायचा नाही हे आता राहिलं नव्हतं. त्यांचा उमेदवार तयार होता. निलेशचा अर्ज आला तेव्हा माधवरावांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"सूचक?"

निलेशच्या पॅनेलचे दोघे, ज्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत त्याच्या नावाने नारळ ठेवले होते, ते आता आपल्या चपलांकडे बघत होते. एकाला तोंड वर करून सांगायचं होतं की घरचे बोलतात, बायको बोलते. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"सूचक नसेल तर अर्ज घेता येणार नाही," माधवराव म्हणाले.

"मी हाय," इंदुबाई म्हणाली.

त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून तिने बोललेलं ते पहिलं वाक्य. हैबतरावांनी मान वळवली. "वैनी, तुमी आमच्या पॅनेलच्या."

"व्हय. कुठं सही करू?" तिने माधवरावांना विचारलं. ती सही शिकली होती. ती तिने सावकाश, जीभ दातांत धरून केली.

एक मेंबर उठला. "साहेब, माझी हरकत हाय. हा मानूस तसला हाय. काल त्यानं आपल्या तोंडानं सांगलंय. असल्याचा अर्ज चालतो काय?"

माधवरावांनी चष्मा काढला. त्यांना हा प्रश्न नको होता हे कुणालाही दिसलं असतं. "अर्जात वय बघतात, मतदारयादीतलं नाव बघतात," ते म्हणाले. "हे विचारायला त्यात जागा नाही. हरकत इतिवृत्तात नोंदवायची का?"

"नोंदवा," निलेश म्हणाला. "पन तसला असं नका लिहू. पेपरात समलिंगी म्हनतात, तसं लिहा. न मी नाकारलं नाय हेबी लिहा."

माधवरावांनी लिहिलं. लिहिताना खोलीत पेनाचा आवाज येत होता.

मग हात. हैबतरावांच्या माणसासाठी पाच. निलेशसाठी दोन.

"आता मेंबरकीचा राजीनामा पन देऊन टाक," हैबतराव म्हणाले. त्यांना जिंकल्याचा आनंद नव्हता. ते दमलेले दिसत होते. "शोभा नको."

"वॉर्डानं मना बसवलंय, हैबतकाका. वॉर्ड उठवील तवा उठीन. पुढच्या सभेत नळाचा विषय घ्या. मी हाय."

तो बाहेर आला तेव्हा लोकांनी वाट दिली. त्यात मान किती आणि किळस किती होती, ते सांगता यायचं नाही. काही बायकांनी त्याच्याकडे बघितलं, एकीने हंडा खाली ठेवून बघितलं. तो सरळ एसटीच्या थांब्याकडे गेला.

इंदुबाई चिंचेखाली आली आणि नवऱ्याशेजारी खाली बसली. कालपासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"किती हात?" जगनने विचारलं.

"दोन."

"कोनाकोनाचे?"

"त्याचा न माझा."

 समोरून हैबतरावांच्या माणसाची मिरवणूक निघाली, गुलाल उडाला. जगनने टॉवेलने तोंड पुसलं.

"मी मेंबर असतो त तीन झालं असतं," तो म्हणाला.

"तरी हरलाच असता."

"व्हय," जगन म्हणाला. "पन तीन झालं असतं."